नाद नित्य की अनित्य?

साराजेव्हो नगराला एप्रिल 1992 मध्ये वेढा पडला आणि तो उठण्यास फेब्रुवारी 1996 ची अखेर उजाडावी लागली. या मुदतीत, 25 ऑगस्ट 1992 च्या रात्री, तेथील राष्ट्रीय ग्रंथालयावर तोफांचा मारा होऊन ती भव्य इमारत पेटली आणि आतील ग्रंथसंपदा बव्हंशी भस्मसात झाली. त्याच इमारतीच्या भग्न दालनात 19 जून 1994 रोजी, वेढा अद्याप कायम असताना, त्या शहराच्या वाद्यवृंदाने आणि कॅथीड्रलच्या गायकवृंदाने मोझार्टचा ‘रेक्विएम’ सादर केला. आणि त्यांच्यासमोर संचालकाच्या जागी उभे होते 1936 साली मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. मृतांच्या शांतीसाठी रचलेली ही कॅथलिक प्रार्थना, मुसलमानांची बहुसंख्या असलेल्या नगरात, एका पारशी गृहस्थाच्या संचालनाखाली गायिली गेली, ही गोष्ट ज्या मुलखात अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गवयाला शाहू महाराजांनी दरबारी मानाने ठेविले होते, त्या करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, माणसाला विशेष नवलाची वाटणार नाही; परंतु तिचे चित्रण पाहत असता मनात जो प्रश्न उभा राहतो तो मात्र सहजासहजी सुटणारा नाही.

या रचनेत एक स्थळ असे आहे, की जेथे अंतिम न्यायदिनी मृतांना जागे करणाऱ्या तुतारीचे वर्णन येते. तेथे सारा वृंद थांबतो आणि एकटा ट्रॉम्बोनवादक स्वरावली वाजवितो. मागाहून खर्जातला गायक त्याला येऊन मिळतो. त्या काही क्षणांपुरता सगळ्या प्रार्थनेचा भार एका माणसाच्या छातीतील श्वासावर असतो. हा श्वास तुटला तर त्या जागी दुसरे काहीही नाही. ज्या वाद्यवृंदाचे सहकारी मारले गेले, कित्येक परागंदा झाले, त्या वृंदातील एका मनुष्याने तो श्वास त्या जागी पुरविला. अशा प्रसंगांवर पुढे माहितीपट निघाले. लेनिनग्राडच्या वेढ्यातील वाद्यवृंदावर निघाला, काबूलच्या संगीतविद्यालयावर निघाला. आणि ते पाहून उठलेला प्रेक्षक जवळजवळ ठरलेला एकच उद्गार काढतो, की संगीत अमर आहे, त्याला तोफा मारू शकत नाहीत. हा उद्गार सद्भावनेचा आहे यात संशय नाही. परंतु तो सत्य आहे काय, आणि धर्मदृष्ट्या हितकर आहे काय, हे पाहणे मला अगत्याचे वाटते. कारण ज्याला मरण नाही त्याला राखण्याची जबाबदारीही कोणावर राहत नाही.

शब्द नित्य की अनित्य, हा वाद आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके मोठ्या कसोशीने चालविला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या आरंभीच हा पूर्वपक्ष मांडलेला आढळतो, की शब्द हा प्रयत्नाने उत्पन्न होताना दिसतो, उच्चारानंतर टिकत नाही, आणि उच्चारणारे अधिक झाले की तो वाढतो; तेव्हा तो कार्य आहे, नित्य नव्हे. त्यावर मीमांसकाचे उत्तर असे, की उच्चाराने शब्द उत्पन्न होत नाही, केवळ व्यक्त होतो. वाढतो तो नाद, शब्द नव्हे. याच्या उलट नैयायिकाचा पक्ष. त्याच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून तो संयोगाने किंवा विभागाने उत्पन्न होतो: भेरीवर दांडा पडला म्हणजे संयोगाने, वेळू फाडला म्हणजे विभागाने, आणि एका शब्दापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असा पाण्यावरील लाटांच्या न्यायाने किंवा कदंबाच्या कळीच्या न्यायाने तो पसरत जाऊन कानापर्यंत पोहोचतो. उत्पन्न झालेला प्रत्येक शब्द पुढच्याला जन्म देऊन नष्ट होतो. म्हणजे कानावर जो पडतो तो मूळचा नव्हे, त्याचा वंशज.

येथे एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे, आणि ती बहुधा विसरली जाते. मीमांसकाने नित्यता दिली ती वर्णात्मक शब्दाला, वेदाच्या अपौरुषेयत्वासाठी. वीणेच्या झंकाराला किंवा मृदंगाच्या थापेला नव्हे. ध्वनी हा त्याच्याही मते येणारा-जाणारा. संगीत अमर आहे असे म्हणणाऱ्यास मीमांसेचे दार त्यामुळे बंद आहे. त्याने आश्रय घेतला आहे तो नादब्रह्माच्या सिद्धांताचा, आणि त्या सिद्धांताचा सर्वांत प्रमाणभूत संगीतविषयक ग्रंथ आपल्याच मुलखात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला गेला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे.

‘संगीतरत्नाकर’कर्त्या शार्ङ्गदेवाचे घराणे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते, आणि स्वतः शार्ङ्गदेव सिंघण राजाच्या पदरी हिशेबदफ्तराचा मोठा अधिकारी होता. हा मनुष्य नादाला ब्रह्म मानतो, अनाहत आणि आहत असे त्याचे दोन भेद सांगतो, आणि अनाहताची उपासना मुनींकडे सोपवून आपण आहताकडे वळतो. परंतु आहताकडे वळताना तो आधी काय करतो? तो मनुष्यदेहाच्या उत्पत्तीचे सविस्तर प्रकरण घालतो. गर्भ कसा वाढतो, नाड्या कशा पसरतात, हे सांगून मग म्हणतो की बोलण्याची इच्छा झालेला आत्मा मनाला प्रेरणा देतो, मन देहातील अग्नीवर आघात करते, अग्नी वायूला ढकलतो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक आणि मुख या मार्गाने वर चढत नाद प्रकट करतो. नादाला ब्रह्म म्हणणाऱ्यानेच त्याला रक्तमांसाच्या इतक्या निकट आणून बसविले आहे. पोटात अन्नच नसेल तर तो अग्नी कोठून पेटणार, हा प्रश्न त्याने विचारला नाही. तो विसाव्या शतकाने विचारला.

लेनिनग्राडच्या वेढ्यात 1942 च्या मार्च महिन्यात तेथील रेडिओ वाद्यवृंदाची पहिली तालीम तीन तास घेण्याचे योजिले होते. ती पंधरा मिनिटांतच थांबवावी लागली, कारण जमलेल्या वादकांत वाजविण्याचे त्राण नव्हते. संचालक कार्ल इलियासबर्ग स्वतः उपासमारीने खंगलेले होते. वादकांना वाढीव शिधा मिळाला, लष्करातून वादक बोलाविण्यात आले, आणि 9 ऑगस्ट 1942 रोजी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी त्या नगरात वाजली. (त्याच दिवशी मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर ‘भारत छोडो’चे आंदोलन पेटले होते; इतिहासात तारखांचे असे मेळ अर्थावाचूनही पडतात.) या हकिकतीतून संगीत अमर आहे हे सिद्ध होते, की ते भाकरीइतकेच मर्त्य आहे हे? मला दुसरेच सिद्ध झालेले दिसते. तुतारी होती, स्वरलिपी होती, नभोगृह होते. नव्हती ती छातीतील हवा. नैयायिकाचा पक्ष याहून स्पष्ट कोणत्या प्रमाणाने ठरावा?

आणि ग्रंथाने तरी काय राखिले? शार्ङ्गदेवाने गायकवादकांच्या मेळाचीही व्यवस्था लावून दिली आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार वंशीवादक आणि चार मृदंगवादक असावेत. मध्यम वृंद याच्या निम्मा. आणि उत्तमाहूनही मोठा झाला तर त्यास ‘कोलाहल’ म्हणावे, असा त्याचा निवाडा आहे. हे बत्तीस जण देवगिरीच्या दरबारात प्रत्यक्ष बसत असतील असे मी तो भाग वाचताना नेहमी कल्पितो. पुढे 1296 साली अलाउद्दिनाची स्वारी आली, काही वर्षांत यादवांचे राज्य गेले. ग्रंथ मात्र वाचला, दक्षिणेत विजयनगरास पोहोचला, तेथे कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिली. ते नगरही 1565 नंतर उद्ध्वस्त झाले, आणि ग्रंथ पुन्हा वाचला. आज तो छापील मिळतो, त्यातील रागांची स्वराक्षरेही मिळतात; परंतु ते राग देवगिरीस कसे वाजत होते हे छातीवर हात ठेवून सांगणारा कोणीही नाही. पोथी टिकली आणि संगीत गेले. कारण ते ज्या हातांत व गळ्यांत होते त्यांच्यापासून पुढच्या हातांत व गळ्यांत जाण्याची साखळी तुटली, आणि तुटलेली ही साखळी कोणत्याही पोथीला पुन्हा सांधता आली नाही.

यावर कोणी म्हणेल, की असे असेल तर युद्धात प्रथम माणसे वाचवावीत, वाद्यवृंदाचे पुढे पाहता येईल. ज्या गल्लीत प्रेते पडली आहेत तेथे वाद्ये वाजविणे हे शोभणारे नाही. हा आक्षेप हलका नाही, आणि आपल्या आचारात त्याला भक्कम आधारही आहे. घरात मृत्यू झाला की वाद्य बंद, मंगल बंद, देवपूजासुद्धा बंद; दहा दिवस सुतक. शेजारच्या घरी लग्न असले तर वाजंत्री आपल्या दारावरून जाताना थांबते. मौन हे मृताचे देणे आहे, आणि ते दिलेच पाहिजे. परंतु आपल्या धर्मकारांची खरी करुणा मला दिसते ती त्यांनी या मौनाला मर्यादा घातली त्यात. दहाव्याचे पिंड पडले, तेराव्याचे गोड जेवण झाले, म्हणजे अशौच संपते. त्यानंतर नित्यकर्म सुरू करणे हे इच्छेवर सोडलेले नाही. दुःख संपले म्हणून नव्हे, तर दुःख असतानाच दिवा लावावा लागतो. आणि वारकऱ्यांनी तर याहून पुढे जाऊन अंत्ययात्रेतही टाळ-मृदंग नेला, मर्तिकाच्या घरी भजन बसविले. मौनाच्या आत प्रार्थनेला जागा करून दिली.

ज्या नगरात रोज कोणी ना कोणी मरत आहे, तेथे सुतक फिटणार कधी? एकाचा दहावा दिवस येतो तो दुसऱ्याचा पहिला असतो. असे अशौच आपोआप कधीच निवृत्त होत नाही. ते कोणाला तरी निवृत्त करावे लागते. साराजेव्होच्या वादकांनी त्या दिवशी करमणुकीचा कार्यक्रम केला नाही, उत्तरक्रिया केली, असे मी समजतो. तिचा विधी परधर्माचा होता, भाषा लॅटिन होती, रचनाकार ती अपुरी ठेवून 1791 च्या डिसेंबरात स्वतःच मृत्यू पावला होता आणि त्याच्या शिष्याने ती पुरी केली होती. परंतु पिंड ठेवणाऱ्याचा भाव ज्याने पाहिला आहे त्याला ती ओळखता येईल.

करवीरच्या भूमीचा या प्रश्नाशी आणखी निकटचा संबंध आहे, आणि तो आपल्याकडे जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही. कोल्हापूरच्या पूर्वेस पंचगंगेकाठी वळिवडे येथे 1943 साली पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. रशियाने 1940 च्या सुमारास घरादारांतून उचलून सायबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही कुटुंबे, पुढे सुटका झाल्यावर इराणच्या मार्गाने हिंदुस्थानात आली. त्यांतील सुमारे पाच हजार जण, बहुसंख्येने स्त्रिया आणि मुले, वळिवड्याच्या बराकींत राहिले. तेथे त्यांनी शाळा चालविल्या, चर्च बांधले, रुग्णालय काढले, बालवीरांची पथके उभारली, नाटके केली, आणि आपल्या भाषेतील प्रार्थनागीते गायिली. आता ती गीते गायिली जात असताना त्यांच्या राजधानीत काय स्थिती होती ते पाहावे. वॉर्सा येथे 1901 साली उघडलेले फिलहार्मनिकचे सभागृह बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेले होते, आणि त्या वाद्यवृंदातील सुमारे निम्मे वादक त्या युद्धात प्राणास मुकले. वृंदाने 1947 साली पुन्हा काम सुरू केले ते नाट्यगृहांत आणि क्रीडागृहांत. स्वतःचे सभागृह त्यास परत मिळाले ते 21 फेब्रुवारी 1955 रोजी. म्हणजे ज्या काळात पोलंडच्या राजधानीत पोलिश संगीताला बसायला जागा नव्हती, त्या काळात पोलिश मुलांच्या कंठातून ते वळिवड्यास, ज्वारीच्या आणि उसाच्या शेतांच्या शेजारी, नियमाने गायिले जात होते. मुलांना गाणी शिकविणाऱ्या त्या स्त्रियांनी कोणता सिद्धांत मानला होता हे सांगण्याची गरज नाही. गाणे आपोआप उरेल असे त्यांनी मानले असते, तर त्या परक्या उन्हात मुलांना रांगेत उभे करून त्यांच्याकडून एकेक ओळ घोटवून घेण्याचे श्रम त्यांनी घेतले नसते.

ही वसाहत 1948 च्या सुमारास रिकामी झाली, लोक इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा दिशांना गेले, आणि त्याच बराकींत फाळणीने देशोधडीस लागलेले सिंधी बांधव येऊन राहिले. आजची गांधीनगरची कापडपेठ ती हीच. ज्यांना परत जाणे नशिबी नव्हते त्या काही पोलिश माणसांच्या कबरी कोल्हापुरात आहेत, आणि महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. मुंबईलाही युरोपातून अशी माणसे आली. प्राग सोडून 1934 साली आलेल्या वॉल्टर काउफमान यांच्याकडे आकाशवाणीच्या त्या धूनचे कर्तृत्व दिले जाते, जी ऐकत आपल्या दोन पिढ्यांची सकाळ उजाडली.

मूळ प्रश्नाचे धर्मशास्त्रीय अंग मात्र मला जेथे सर्वांत स्वच्छ दिसते ते स्थान अंबाबाईचे देऊळ आहे. स्वाऱ्यांच्या धामधुमीत देवीची मूर्ती मूळ स्थानावरून हलवून पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेविलेली होती, आणि 1715 च्या विजयादशमीस करवीरकर संभाजी महाराजांच्या अमलात, सिधोजी हिंदुराव घोरपडे यांच्या हस्ते तिची मंदिरात पुनःस्थापना झाली. आता असे विचारता येईल, की देवी जर चराचरात व्यापून आहे तर तिचे आसन रिकामे राहिले म्हणून बिघडले काय? त्या काळच्या एकाही भाविकाने मूर्ती लपली म्हणून देवी नाहीशी झाली असे मानले नाही. परंतु देवी नित्य आहे म्हणून आसन रिकामे असले तरी चालेल, असेही कोणी मानले नाही. जे नित्य आहे त्याला आपली गरज नाही हे जाणूनही त्याच्यासाठी अनित्य असे पीठ, अनित्य अशी फुले आणि अनित्य असा दिवा रोज नव्याने सिद्ध करावा लागतो; हा उपासनेचा गाभा आहे, आणि नादाच्या उपासनेला तो वगळून जात नाही. भग्न मूर्तीच्या जीर्णोद्धाराचा विधीही हेच सांगतो. जुन्या मूर्तीतील देवत्व कलशात आवाहन करून ठेवावयाचे, नवी मूर्ती घडवावयाची, आणि कलशातून ते तिच्यात प्रतिष्ठित करावयाचे. मधल्या काळात तो कलश कोणीतरी सांभाळावा लागतो. वळिवड्याच्या बराकी हा असा कलश होता.

तेव्हा पुनरुज्जीवित झालेला वाद्यवृंद हा जुनाच की नवा, या शंकेने मला फारसा त्रास होत नाही. निम्मी आसने नव्या माणसांनी भरली म्हणून वॉर्साचा वृंद दुसरा झाला असे म्हणावे, तर आपल्या घराण्यांचे काय म्हणावे? शाहू महाराजांच्या पदरी 1895 पासून राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांनी तारुण्यात, आमलेटा संस्थानात अतोनात गावे लागून, आपला आवाज गमावला होता. गेलेला आवाज जसाच्या तसा परत आला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी मेहनतीने बांधली, आणि जयपूर घराण्याची म्हणून आज जी मान्यता पावली आहे ती हीच. त्यांचे पुत्र मंजीखाँ 1937 साली अकाली वारले. त्यांच्याकडे शिकत असलेले मल्लिकार्जुन मन्सूर मंजीखाँचे धाकटे बंधू भुर्जीखाँ यांच्यापाशी बसले आणि तालीम पुढे चालू राहिली. युद्धात सापडलेल्या वाद्यवृंदाहून येथील संकट लहान होते, हे कबूल. तरी ते निस्तरण्याची रीत तीच. ज्याची जागा मोकळी झाली त्याच्या जवळच्याने ती घ्यावी, आणि शिकणाऱ्याने उठून जाऊ नये. अल्लादियाखाँसाहेब 16 मार्च 1946 रोजी निवर्तले. त्यांची गायकी आजही ऐकावयास मिळते, आणि ती मिळते ती सिद्धांताच्या बळावर नव्हे, रोज पहाटे तंबोरा जुळविणाऱ्यांच्या बळावर.

येथे माहितीपटाचा विचार पुन्हा केला पाहिजे. कारण चित्रण झाले की गोष्ट कायमची राहिली अशी आपली एक समजूत आहे, आणि संगीताच्या अमरत्वाचा पुरावा म्हणून ती हल्ली पुढे केली जाते. कोल्हापूरकराने तरी ती बाळगू नये. बाबुराव पेंटरांनी याच गावात काढलेल्या 1920 च्या ‘सैरंध्री’ची प्रत आज कोठेही उपलब्ध नाही. महात्माजींच्या हत्येनंतर 1948 साली जी जाळपोळ झाली तीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला, ‘मीठ भाकर’चे झालेले चित्रणही त्यात गेले, भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि तो चित्रपटही पुन्हा काढला. फीत ही पोथीसारखीच आहे: ती स्मरण राखते, आणि त्याबद्दल आपण तिचे ऋणी असावे, परंतु साराजेव्होच्या फितीतील ट्रॉम्बोनवादकाचा श्वास उद्याच्या वादकाच्या छातीत भरण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. ते दुसऱ्या ट्रॉम्बोनवादकाच्याच अंगी असते. ग्रंथालयाची ती इमारत दुरुस्त होऊन 9 मे 2014 रोजी पुन्हा उघडली, तेव्हा तेथे साराजेव्होच्या वाद्यवृंदानेच वाजविले. फीत लावून ते काम भागले नसते.

आपल्या गावावरही 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री एक आघात झाला. शाहू महाराजांनी बांधविलेले, 1915 साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उघडलेले आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव मिळालेले नाट्यगृह, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाले. सारे कोल्हापूर हळहळले, अनेकांच्या डोळ्यांना पाणी आले, आणि वास्तू जशीच्या तशी उभी राहिली पाहिजे अशी एकमुखी मागणी झाली. ती योग्यच होती. परंतु दगड, लाकूड आणि छप्पर यांसाठी जी तळमळ आपण दाखविली, तिचा काही अंश त्या रंगमंचावर ऑर्गनला आणि तबल्याला बसणाऱ्या माणसांच्या वाट्याला एरवी येतो काय, हे आपण स्वतःला विचारावयास हवे. वास्तू जळाली की सर्वांना दिसते. वादकाने वाद्य खुंटीला टांगून दुसरा धंदा धरला तर त्याची बातमी होत नाही. युद्धाने वाद्यवृंद मोडतात ते एका दिवसात; शांततेत ते मोडतात ते एकेका आसनाने.

याचे उदाहरण म्हणून मी आपणांस कोणत्याही मध्यम प्रतीच्या देवळात आरतीच्या वेळी जाण्यास सांगेन. घंटा, झांज आणि नगारा एकाच लोखंडी चौकटीत बसविलेले, विजेच्या मोटारीवर चालणारे एक यंत्र तेथे भिंतीला लागून उभे असते. पुजारी कळ दाबतो, आणि हातोड्या एका गतीने पडू लागतात. आरती भावपूर्ण म्हटली गेली काय किंवा घाईने उरकली काय, त्यांची लय बदलत नाही. आरती संपून लोक तीर्थ घेऊ लागले तरी कोणी कळ बंद करेपर्यंत त्या पडतच राहतात. नादच नित्य असेल आणि वादक केवळ निमित्त असेल, तर या यंत्राविरुद्ध एकही सयुक्तिक आक्षेप घेता येणार नाही. मनुष्य न थकता वाजवीत राहील त्याहून ते अधिक नेमाने वाजते. तरीही गाभाऱ्यासमोर उभे राहणाऱ्याला त्यात काहीतरी उणे असल्याची जाणीव होते, आणि ती जाणीव बरोबर आहे. यंत्र थकत नाही, त्याला दुसरीकडे जाता येत नाही, ते मरत नाही. म्हणून ते जे देते त्यात काहीच खर्ची पडत नाही. सेवा होते ती ज्याला थकवा आहे, पोट आहे, मरण आहे आणि तरी जो वेळेवर येऊन उभा राहतो त्याच्या हातून. वेढ्यातल्या वादकांनी जे केले त्याचे मोल यातच आहे, आणि सनई फुंकणाऱ्या गुरवाच्या सेवेचे मोलही त्याहून निराळ्या जातीचे नाही.

पूर्वी संस्थानच्या दफ्तरात नगारखान्याचा खर्च मांडलेला असे. वाजंत्र्यांना वर्षासने असत, जमिनी असत, आणि त्यांचे मूल बापाच्या मांडीशी बसून शिकत असे. ती इनामे गेली, जातीने बांधलेली ती सक्तीची सेवाही गेली, आणि ती गेली हे न्यायाचेच झाले. परंतु त्या जागी वेतनाची आणि मानाची दुसरी व्यवस्था आपण केली नाही, यंत्र आणून बसविले. ज्या वाचकांचा एखाद्या देवस्थानाच्या, तालमीच्या, शाळेच्या किंवा नाट्यसंस्थेच्या कारभाराशी संबंध असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात एका सनईवादकाचे किंवा एका नगारावादकाचे वेतन कायमच्या खर्चात मांडावे, तो कोणत्या जातीचा वा धर्माचा आहे हे विचारू नये, आणि त्याच्या हाताखाली निदान एक मुलगा किंवा एक मुलगी शिकेल अशी तजवीज त्याच ठरावात करून ठेवावी.